आकड्यामागचा क्रमांक

बोरीवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २०१५ साली कॅमेरा ट्रॅप लावून बिबट्यांची गणना झाली, तेव्हा आकडा निघाला ३५. २०१८ साली तो ४७ निघाला. तेव्हापासून हे दोन आकडे जोडीनेच फिरतात आणि ऐकणारा लगेच म्हणतो, बिबटे वाढले. वाढले असतीलही. पण तसं ठामपणे म्हणायचं तर आधी बरंच काही ठाऊक हवं. दोन्ही वेळा कॅमेरे किती ठिकाणी होते, किती रात्री चालू होते, आरेचा पट्टा आणि खाडीपलीकडचं नागला धरलं होतं का, पिल्लं मोजली का? याची उत्तरं आकड्यात नसतात, ती मूळ नोंदींत असतात. आणि त्या नोंदी दिसायला अगदी साध्या असतात: कॅमेऱ्याचा क्रमांक, तारीख, वेळ, जनावराची डावी बाजू की उजवी, आणि ठिपक्यांची ठेवण जुळवून त्या जनावराला दिलेली खूण. बिबट्याच्या दोन्ही कुशींवरची नक्षी सारखी नसते, म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे लावावे लागतात. नाहीतर एकाच जनावराची दोन जनावरं होतात. नोंद करताना एवढी निगुती आणि ती नोंद वापरताना मात्र आपण नुसतं ‘एका अहवालानुसार’ म्हणून मोकळे होतो.

छापील लेखाचा संदर्भ कसा द्यायचा, हे एम. एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही माहीत असतं. त्या लेखाखाली जो डेटा आहे, त्याला स्वतःचा कायमचा क्रमांक असावा का आणि त्या क्रमांकाने त्याचा वेगळा संदर्भ द्यावा का, यावर मात्र एकमत नाही. खालचा संवाद मी रचलेला आहे. एका बाजूला वर्षानुवर्षं जंगलात नोंदी घेणारे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक आहेत, दुसऱ्या बाजूला महाविद्यालयाच्या ग्रंथपाल. माझं मत ग्रंथपालांच्या बाजूचं आहे, हे आधीच सांगितलेलं बरं. प्राध्यापकांचे आक्षेप मात्र मी कुठेही हलके केलेले नाहीत, कारण त्यातले निम्मे तरी खरे आहेत.

प्राध्यापक : मॅडम, अहवालाचं नाव आहे, वर्ष आहे, करणाऱ्याचं नाव आहे, वर संकेतस्थळाचा पत्ताही आहे. ज्याला हवं तो शोधून काढेल. त्यावर आणखी एक लांबलचक क्रमांक कशाला चिकटवायचा? आमचे निम्मे दिवस परवानग्या आणि पत्रव्यवहारात जातात. आता डेटालाही आधार कार्ड काढा म्हणायचं!

ग्रंथपाल : सर, पत्ता आणि ओळख या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि हे तुमच्याच क्षेत्राने सगळ्यांत आधी ओळखलंय. ‘आजोबा’ नावाचा बिबट्या घ्या. २००९ साली पारनेर तालुक्यात टाकळी ढोकेश्वरला विहिरीत सापडला, बिबट्यांच्या अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या चमूने त्याला कॉलर लावली आणि माळशेज घाटात सोडलं. तिथून सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालत तो आपल्या या उद्यानापर्यंत आला. तो आत्ता कुठे आहे, हे कॉलर सांगते. पण कॉलरला बॅटरी असते आणि ती संपते. २०११च्या अखेरीस महामार्गावर वाहनाच्या धडकेत एक बिबट्या मेला. तो आजोबाच, हे कळलं कातडीखालच्या मायक्रोचिपवरून. चिप जागा सांगत नाही, ती फक्त ‘हा कोण’ एवढंच सांगते. तिला बॅटरीही लागत नाही. संकेतस्थळाचा पत्ता म्हणजे कॉलर, सर. सर्व्हर बदलला, विभागाचं नाव बदललं, जुनं संकेतस्थळ पाडून नवं केलं, की संपला. डीओआय, म्हणजे ज्याबद्दल आपण बोलतोय तो कायमचा क्रमांक, ही चिप. त्याची सुरुवात नेहमी १० आकड्याने होते, मग टिंब, मग तो ज्याने दिला त्या संस्थेचा क्रमांक (प्लॉस नियतकालिकांचा १३७१, झेनोडो भांडाराचा ५२८१), मग तिरकी रेघ आणि पुढे त्या वस्तूचा स्वतःचा क्रमांक. फाइल कुठे ठेवली आहे, हे त्या क्रमांकात कुठेही लिहिलेलं नसतं. ते एका नोंदवहीत असतं, आणि फाइल हलली की नोंदवहीतली ओळ बदलायची. क्रमांक छापील लेखात आहे तसाच राहतो.

प्राध्यापक : म्हणजे सगळा भार त्या नोंदवहीवर. मग माझी शंका तिथेच आहे. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी पक्ष्यांच्या पायात कडी घालते, त्यावर क्रमांक असतो आणि सोसायटीला कळवा असं लिहिलेलं असतं. तिकडे कुठेतरी ते कडं कुणाला सापडलं आणि इथे रजिस्टर उघडून बघणारं कुणीच नसलं, तर ते कडं म्हणजे अ‍ॅल्युमिनिअमची पट्टी. तुमच्या डीओआयचंही तेच. क्रमांक कायमचा आहे असं आपण म्हणतो, पण कायमची असायला हवी ती संस्था. संस्थेचा निधी आटला, नोंद अद्ययावत करणारा माणूस निवृत्त झाला आणि त्याची जागा भरलीच नाही, की क्रमांकावर टिचकी मारा, ‘पान सापडलं नाही’ हेच येणार. ‘कायम’ हा शब्द तुम्ही लोक फार सहज वापरता.

प्राध्यापकांचा हा मुद्दा पूर्णपणे बरोबर आहे, आणि डीओआयचे कैवारी तो टाळतात म्हणून त्यावर थोडं थांबायला हवं. क्रमांकात स्वतःहून टिकण्याचा गुण नाही. डीओआय ज्या हँडल यंत्रणेवर चालतो, ती क्रमांकावरून पत्ता शोधून देण्याचं काम चोख करते. पण तिला कुणी नवा पत्ता कळवलाच नाही, तर ती जुन्या पत्त्यावरच नेऊन सोडेल. फरक इतकाच, की साधा दुवा प्रसिद्ध करताना कुणी कुणाला शब्द दिलेला नसतो. डीओआय देणारी संस्था मात्र लेखी कबूल करते की वस्तू हलवली तर आम्ही कळवू, आणि वस्तू काढून टाकावी लागली तरी ‘इथे अमुक होतं, अमुक कारणाने काढलं’ असं सांगणारं पान ठेवू. म्हणजे हा क्रमांक करारनाम्यासारखा आहे. करार मोडता येतो, हे खरं. पण मोडला तर कुणी मोडला ते कळतं, आणि त्याला जाब विचारता येतो. बेवारस दुव्याच्या बाबतीत जाब कुणाला विचारायचा हेच कळत नाही. म्हणून महाविद्यालयाने किंवा विद्यापीठाने क्रमांक वाटण्याआधी ते सांभाळण्यासाठी एक पद आणि थोडा पैसा बाजूला काढावा, ही प्राध्यापकांच्या आक्षेपातून निघणारी मागणी मला मान्य आहे. ते जमत नसेल तर स्वतःचा घाट घालू नये. युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेने २०१३पासून चालवलेलं झेनोडो कुणालाही फुकट जागा आणि डीओआय देतं, ते वापरावं.

प्राध्यापक : मग मी तुम्हाला मुंबईचंच उदाहरण देतो. कुलाबा वेधशाळा. तिथे १८४१पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी घेतल्या जात होत्या. सप्टेंबर १८५९मध्ये सूर्यावरच्या उद्रेकामुळे प्रचंड चुंबकीय वादळ झालं, तेव्हा त्या वह्यांत काटा सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याची नोंद झाली. जवळजवळ दीडशे वर्षांनी, २००३ साली, त्सुरुतानी आणि आपल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी त्याच वह्या उघडून त्यावर लेख लिहिला. आज साऱ्या जगात त्या वादळाची चर्चा कुलाब्याचा आकडा घेऊनच होते. कुठे होता तेव्हा डीओआय? नीट बांधलेली वही, सुवाच्य अक्षर आणि कपाट, एवढ्यावर काम झालं.

ग्रंथपाल : उदाहरण तुम्ही दिलंत, सर, पण ते माझ्या कामाचं आहे. विजेवर चालणाऱ्या ट्राममुळे कुलाब्याच्या मोजमापात ढवळाढवळ होणार म्हणून वेधशाळेचं चुंबकीय काम १९०४ साली अलिबागला हलवलं. जागा बदलली, पण नोंदींची मालिका तुटली नाही, कारण कुठली नोंद कुठल्या उपकरणाची, कुठल्या दिवसाची आणि कुठल्या खंडातली, हे सरकारी छापील खंडांत ठरलेलं होतं. खंड, वर्ष, पान, तारीख: त्या काळचा कायम क्रमांक तोच. आणि पुढचंही ऐका. २००३च्या लेखानंतर दुसऱ्या अभ्यासकांनी त्याच नोंदींची ताशी सरासरी काढली आणि वादळ त्या मानाने बरंच सौम्य असावं, असं मांडलं. हा वाद होऊ शकला, कारण दोन्ही बाजूंना एकच वही उघडता आली. आपल्या ३५ आणि ४७ बद्दल असा वाद घालायचा झाला, तर कुठली वही उघडायची? एक कुलाबा टिकलं म्हणून बाकीचं टिकेल, असं धरता येत नाही. न टिकलेल्या वह्यांची नावंसुद्धा आपल्याला माहीत नसतात.

या ठिकाणी अंदाजापेक्षा मोजमाप बरं, आणि ते झालेलं आहे. टिमथी वाइन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वनस्पती व प्राण्यांच्या मोजमापांवर आधारलेले, २ ते २२ वर्षं जुने ५१६ लेख निवडले आणि प्रत्येकाच्या लेखकांकडे मूळ डेटा मागितला. २०१४ साली ‘करंट बायॉलॉजी’त निष्कर्ष आले. लेखाचं वय एका वर्षाने वाढलं की डेटा अजून शाबूत असण्याची शक्यता, गुणोत्तराच्या हिशेबात, १७ टक्क्यांनी घटत होती. लेखकाचा चालू ईमेल सापडण्याची शक्यताही दरवर्षी ७ टक्क्यांनी कमी होत होती. कुणी डेटा दडवला होता असं नव्हे. बऱ्याच वेळा तो जुन्या संगणकात, आता कुठल्याच यंत्रात न चालणाऱ्या डिस्कवर राहून गेला होता. ‘लेखकाकडे मागा, मिळेल’ हे वाक्य आपल्याकडच्या कितीतरी लेखांच्या तळाशी असतं. त्या वाक्याचं आयुष्य किती, ते या पाहणीने दाखवलं. प्राध्यापक म्हणतात तसं कपाट चालतं, पण कपाट संस्थेचं असेल तर. आपल्याकडे बहुतेक डेटा माणसाच्या खासगी लॅपटॉपवर आणि पेन ड्राइव्हवर असतो, आणि माणसं बदलतात, निवृत्त होतात, जातात.

प्राध्यापक : ठीक आहे, टिकण्याचं मान्य. पण टिकवणं म्हणजे उघडं करणं, आणि तिथे माझा ठाम विरोध आहे. बिबट्याची मादी पिल्लं घेऊन कुठल्या ओढ्यात बसते, हे अक्षांश-रेखांशांसह जगाला सांगायचं? शिकाऱ्याला याहून चांगला नकाशा कोण देईल? आणि दुसरं म्हणजे श्रेय. आम्ही डास आणि पाऊस झेलून नोंदी घ्यायच्या, आणि कुणीतरी वातानुकूलित खोलीत बसून त्या उतरवून त्यावर लेख लिहायचा.

ग्रंथपाल : क्रमांक देणं आणि दार उघडणं ही दोन वेगळी कामं आहेत. डेटासाईट ही संस्था २००९पासून मुख्यतः डेटासाठीच डीओआय देते. तिच्या नोंदीत सक्तीच्या गोष्टी सहाच: क्रमांक, करणाऱ्याचं नाव, शीर्षक, प्रकाशक, वर्ष आणि वस्तूचा प्रकार. त्यात कुठेही अक्षांश-रेखांश सक्तीचे नाहीत, आणि फाइल सगळ्यांना उघडी ठेवा असंही नाही. डेटा कुलुपात राहू द्या. तो आहे, कुणाचा आहे, कुठल्या काळातला आहे आणि कुणाकडे रीतसर मागायचा, एवढं जगाला कळू द्या. नाजूक प्रजातींच्या बाबतीत जागा ढोबळ करून सांगण्याची रीतही रूढ आहे. राहिलं श्रेय. सर, श्रेय आज कसं जातं? तुमचा तक्ता कुणी वापरला तर तळटीपेत ‘आभार’ येतात, आणि आभार कुठल्याच पदोन्नतीच्या फॉर्ममध्ये मोजले जात नाहीत. डेटाला क्रमांक असेल, तर तो वापरणाऱ्याला संदर्भयादीत तुमचं नाव घालावंच लागेल, आणि ते मोजता येईल. पिवोवार आणि व्हिजन यांनी २०१३ साली जनुकांवरचे दहा हजारांहून अधिक लेख तपासले. डेटा खुला असलेल्या लेखांना, बाकीच्या गोष्टी सारख्या धरून, ९ टक्के जास्त संदर्भ मिळालेले दिसले.

९ टक्के हा काही डोंगर नव्हे, आणि जनुकशास्त्रातला आकडा बिबट्यांच्या अभ्यासाला जसाच्या तसा लावता येणार नाही. ग्रंथपालांनी तो जरा उत्साहाने मांडला आहे. पण श्रेय वाहून नेण्याची सोय प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहायला जनुकांपर्यंत जायची गरज नाही. उद्यानातल्या शिलोंडाच्या वाटेवर रविवारी सकाळी पक्षी पाहणारे लोक आपल्या याद्या ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकतात. त्या नोंदी पुढे जीबिफ या जागतिक जैवविविधता भांडारात जातात. तिथून एखाद्या अभ्यासकाने, समजा, पश्चिम घाटातल्या धनेशाच्या नोंदी उतरवून घेतल्या, तर त्याने घेतलेल्या नेमक्या त्या उताऱ्यालाच एक स्वतंत्र डीओआय मिळतो. त्याने लेखात तो एक क्रमांक दिला, की उताऱ्यात ज्या ज्या संचातल्या नोंदी आल्या त्या प्रत्येक संचाच्या खात्यावर तो संदर्भ जमा होतो. शंभर संचांची नावं संदर्भयादीत कोंबायची गरज नाही, आणि कुणाचं नाव गाळलंही जात नाही.

प्राध्यापक : पण डेटा काही पुस्तकासारखा एकदा छापून संपत नाही. आमची यादी दर हंगामाला वाढते. ओळखीत चूक सापडली की मागच्या नोंदी दुरुस्त होतात; परवापर्यंत दोन मानलेले बिबटे एकच निघतात. मग क्रमांक कशाला द्यायचा? जुन्याला की नव्याला?

ग्रंथपाल : बोरीवलीत राहून हा प्रश्न विचारताय, सर? इथे दर गल्लीत पुनर्विकास चाललाय. चार मजली सोसायटी जाते, बावीस मजली टॉवर येतो, नाव बदलतं, दर्शनी बाजू बदलते. पण मालमत्ता पत्रकावर सिटी सर्व्हे नंबर असतो. जमीन विभागली तर त्याला पोटहिस्सा पडतो, आणि आधी काय होतं याचा माग पत्रकातून काढता येतो. डेटाचंही तसंच करतात. झेनोडोवर पूर्ण कामाचा एक डीओआय असतो आणि प्रत्येक आवृत्तीचा वेगळा. ‘ही गणना’ एवढंच सांगायचं तर पहिला द्या. ‘दुरुस्तीपूर्वीच्या या नोंदींवरून ४७ काढले’ असं सांगायचं तर आवृत्तीचा द्या. दुरुस्ती लपवायची नसते, तिलाही क्रमांक द्यायचा असतो.

या उपमेला एक मर्यादा आहे. सिटी सर्व्हे नंबरामागे कायदा आहे. डेटाच्या क्रमांकामागे आपल्याकडे अजून तरी बव्हंशी सवय आणि सदिच्छाच आहे. भारत सरकारने २०१२ साली डेटा सर्वांना उपलब्ध व्हावा असं राष्ट्रीय धोरण आणलं, पण उपलब्ध करणं आणि उद्धृत करता येईल असं करणं, यांत अंतर राहतंच. तरीही हे सगळं परकं आहे, आपल्या आवाक्याबाहेरचं आहे, असं म्हणायला जागा नाही. मुंबई विद्यापीठाचा पीएच. डी.चा प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात गेला, की त्याला १०६०३ने सुरू होणारा हँडल क्रमांक मिळतो. हे हँडल म्हणजे डीओआय ज्या यंत्रणेवर उभा आहे तीच यंत्रणा. म्हणजे प्रबंधाला कायम क्रमांक देण्याची सवय आपल्याला लागलेली आहे. त्याच प्रबंधाच्या परिशिष्टातले तक्ते मात्र पीडीएफच्या पानांत चित्रासारखे अडकलेले असतात. ना त्यांची बेरीज करता येते, ना त्यांचा वेगळा संदर्भ देता येतो. प्रबंध तपासणाऱ्या समितीने ‘तक्ते कुठल्या भांडारात ठेवले आणि त्यांचा क्रमांक काय’ एवढे दोन प्रश्न विचारायला सुरुवात केली, तर यासाठी नवं धोरण लागणार नाही.

प्राध्यापक : समजा मी तयार झालो. माझ्याकडे पंधरा वर्षांच्या नोंदी आहेत, तीन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिलेल्या, रकान्यांची नावं निम्मी मराठीत, निम्मी लघुरूपांत. त्या नीट करायला एक वर्ष जाईल. ते वर्ष मला कोण देणार?

ग्रंथपाल : कुणीच नाही, सर. ते मी नाकारत नाही. म्हणून सगळ्या नोंदी नीट होईपर्यंत थांबू नका. आहे तशी फाइल, सोबत रकान्यांचा अर्थ सांगणारं एक पान, मराठीत लिहिलंत तरी चालेल, आणि क्रमांक. साफ केलेली आवृत्ती पुढच्या वर्षी, नव्या क्रमांकाने.

प्राध्यापकांनी यावर काय उत्तर द्यावं, हे मला रचता आलं नाही, कारण त्यांची अडचण खरी आहे आणि ग्रंथपालांचं उत्तर अर्धंच आहे. नोंदी घेण्यासाठी अनुदान मिळतं, त्या राखण्यासाठी फारसं कुणी देत नाही. ही व्यवस्थेची चूक आहे, संशोधकाची नाही. पण उद्यानाच्या बाबतीत वाट पाहायला वेळ राहिलेला नाही. मागाठाण्यापासून ठाण्याच्या टिकुजिनीवाडीपर्यंत ११.८ किलोमीटरच्या जोडरस्त्याचं भूमिपूजन १३ जुलै २०२४ रोजी झालं, त्यातला १०.२५ किलोमीटरचा जुळा बोगदा थेट या जंगलाखालून जाणार आहे. आणखी दहा वर्षांनी कुणीतरी विचारणारच, की बोगद्याआधी इथे काय होतं. झऱ्यांना पाणी किती महिने असायचं, कुठल्या पायवाटेवर बिबट्या किती वेळा दिसायचा. बोगद्याने काही बिघडलं नाही म्हणणाऱ्यालाही तोच डेटा लागेल आणि बिघडलं म्हणणाऱ्यालाही. ज्यांच्याकडे या जंगलाच्या बोगद्याआधीच्या नोंदी आहेत, मग ते प्राध्यापक असोत, विद्यार्थी असोत की रविवारचे पक्षीनिरीक्षक, त्यांनी त्या या वर्षीच एखाद्या भांडारात ठेवाव्यात आणि क्रमांक घ्यावा. जागा सांगण्यासारख्या नसतील तर कुलूप लावून ठेवाव्यात. आणि वर्तमानपत्रांनी बिबट्यांच्या पुढच्या गणनेचा आकडा छापताना त्याच्या शेजारी, लहान टाइपात का होईना, तो क्रमांकही छापावा.